उकार

बाजार समितीच्या मागच्या फाटकातून शिरलो तेव्हा
गुळाचे सौदे कधीच आटोपले होते.
फळीवर फक्त वास, आणि वासाला चिकटलेल्या माश्या.
सायमा शिकलगारनं मोबाईल उघडला :
"सर, नेमकं कुठं?"
मी बोट केलं. तिथं आता एटीएम आहे.
आत पंखा फिरतो, नोटा नसतात.

सत्तावीस वर्षांपूर्वी तिथं काटा होता,
काट्याच्या आडोशाला, दोन पोत्यांखाली
केरबा तोलार.
एका पायात चप्पल.
दुसरी पुढं कुणालाच सापडली नाही.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा, लुनावरून
पोलिसांच्याही आधी पोचलेला.
उभ्या उभ्या मथळा सुचला, सुचल्यावर थोडं हसूही आलं :
काटा न मारणाऱ्याचा काटा काढला.
संपादकांनी मान वर न करता "झकास" म्हटलं.
ते झकास मी किती वर्षं खिशात घालून फिरलो,
सायमाला सांगितलं नाही.

दोघं धरले, दोघं सुटले.
पाहणारा हमाल निपाणीकडं गेला तो गेलाच.
पहिल्या वर्षी मी अर्धा रकाना लिहिला,
दुसऱ्या वर्षी दहा ओळी,
मग "तपास सुरू आहे" एवढंच,
मग त्या तारखेला जाहिरात यायला लागली.

गंगावेशीत, दूध कट्ट्यावर,
निवृत्त हवालदार मोरबाळे धारोष्ण पेला संपवतात.
मिशीवर फेस.
"फाईल? महापुरात तळमजल्याला सहा दिवस पाणी.
पानं अशी चिकटली, जणू पोळीच."
मग माझ्याकडं बघत :
"नाव तुम्हीच की ओ सांगितलासा.
तुम्ही सांगितलं, म्या लिवलं."

उद्यमनगरात फौंड्रीच्या मागं एक खोली.
भिंतीतून हातोड्याचे घाव आत येतात,
ताटल्या हलक्याशा थरथरतात.
वैजयंतानं चहा ठेवला. तो आम्ही पिईपर्यंत
काही बोलली नाही.
मग पिशवीतून तीन पत्रं काढली, माहिती अधिकाराची,
तिन्हींत एकच ओळ :
सदर नावाच्या इसमाच्या खुनाची नोंद
या कार्यालयात आढळून येत नाही.

सायमाचे प्रश्न कागदावर तयार होते.
संशय कुणावर, अडत्याचं नाव काय, धमकी आली होती का.
वैजयंतानं माझंच कात्रण पुढं सरकवलं,
पिवळं, घडीवर फाटलेलं,
आणि नखानं एका अक्षराच्या पोटाशी टोचलं.

"आम्ही चौगले.
रेशन कार्डाव, दाखल्याव, समद्या कागदाव चौगले.
तुम्ही चौगुले छापलासा. पोलिसांनी तेच घेतलं.
मारणारा न्हाई गावला, ऱ्हाऊ दे.
पण मेला त्यो तरी माझा बा हाय न्हवं?
तुमच्या पेपरात दुसराच कोण तरी मेलाय."

हातोडा थांबला होता. जेवणाची सुट्टी असावी.

नंतर ती जरा सैल झाली.
बाप कधी "एक" म्हणायचा नाही, म्हणाली.
वजनाला पहिला रवा चढला की "लाभ",
मग दोन, मग तीन.
तीही शाळेत लाभ, दोन, तीन म्हणाली
आणि बाईंचा मार खाल्ला.
हे सांगताना ती हसली,
आणि सायमानं रेकॉर्डिंग का बंद केलं
हे मी तिला विचारलं नाही.

परतताना बसस्टॉपवर सायमा म्हणाली,
"सर, सुरुवात कशानं करू?"
नावानं कर, म्हटलं.
तिनं टाइप केलं : केरबा चौगले.
मोबाईलनं आपणहून उकार लावला.
तिनं पुसला.
त्यानं पुन्हा लावला.
बस आली, भरली, निघून गेली.
ती पुसत होती.